आडवा नऊ : वाटाणा

आमच्या साप्ताहिकाच्या शब्दकोड्यात दर आठवड्याला वाटाणा असायचा. कधी आडवा, कधी उभा, कधी 'मटार' या नावानं, पण असायचाच. कोडं रचायचे एक निवृत्त शिक्षक. सगळं मेहकर त्यांना गुरुजी म्हणायचं आणि आम्ही ऑफिसातले, त्यांच्या पाठीमागे, वाटाणे गुरुजी. मी तिथे संगणकावर पानं लावायचे. माझ्या हातून जेवढे वाटाणे गेले, तेवढे एखाद्या भाजीवालीच्याही हातून गेले नसतील.

एवढ्याशा कडधान्याचे अर्थ सांगून सांगून किती सांगणार? पण गुरुजींचं संपत नसे. 'घर हिरवं, माणसं हिरवी, दार उघडलं की पळापळ.' 'ज्याच्या अक्षता लावल्या की काम होत नाही.' 'पोह्यांवर येऊन बसणारा थंडीतला पाहुणा.' शब्दकोशावर त्यांचा भारी राग. "'एक द्विदल धान्य' म्हणे! तूरबी द्विदल, मूगबी द्विदल. मंग याले वळखायचं कसं?" मग ते समोरच्या चहावाल्या मावशीला हाक मारून आपलं नवं सूत्र वाचून दाखवत. मावशीला उत्तर आलं तर सूत्र पास. मावशी पुढे पुढे न ऐकताच "वटाणा" म्हणायला लागली होती.

मंगळवारी अकराला ते यायचे. पट्टीनं चौकोन आखलेलं कोडं पिशवीत असायचं, पण ते बाहेर काढण्याआधी एकच प्रश्न, "बीबीचं कार्ड आलं काय वं?"

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवायची आमच्याकडे पद्धत होती. बीबी गावाहून सुदाम नावाच्या माणसाचं कार्ड दर आठवड्याला यायचं. सगळी उत्तरं बरोबर आणि त्यापलीकडे एक अक्षर नाही. गुरुजी ते कार्ड खिडकीच्या उजेडात धरायचे, "हात थरथरत नाही अजून," असं पुटपुटायचे आणि मगच कोडं माझ्या टेबलावर ठेवायचे. हा सुदाम त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, हे मला संपादकांकडून कळलं. हिवरा आश्रमच्या पलीकडे दोघांचं शेत, सामाईक विहीर. पाण्याच्या पाळीवरून एकदा भांडण झालं आणि धाकटा रागानं बायकोच्या माहेरी, बीबीला निघून गेला. तेव्हापासून अबोला.

माझं डोकं चालेना. ज्याच्या कार्डाची एवढी वाट बघायची, त्याला स्वतः दोन ओळी लिहायला काय होतं? तसं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "तो मोठा हाय का मी? त्यानं लिवावं पह्यले."

इकडे वाचक वैतागले होते. वाटाणा पुरे, अशी पत्रं येत. मी गुरुजींना सांगून पाहिलं, त्यांनी मलाही वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मग एका आठवड्यात मीच शहाणपणा केला. तीन घरांत मटार होता, आजूबाजूच्या शब्दांना धक्का न लावता तिथे 'कटार' बसत होती. सूत्र लिहिलं, 'कमरेला खोचायचं हत्यार.' गुरुजी छापलेलं कोडं कधी उघडून बघत नसत. आपलंच केलेलं काय सोडवायचं, म्हणायचे.

पुढच्या मंगळवारी बीबीचं कार्ड आलं नाही. कार्ड लिहिणाराच आला. डोक्यावर टोपी, हातात घडी केलेला आमचा अंक आणि चेहऱ्यावर थेट गुरुजींचं नाक.

"दादा बरा हाय ना?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"कोण दादा?" मी म्हटलं.

त्यांनी अंक टेबलावर पसरला आणि सोडवलेल्या कोड्यातल्या कटारीवर बोट ठेवलं. "हे त्यानंच लिवलं का? इतके वर्सं दर आठवड्याले त्यानं मले वटाणा धाडला. आता कटार काऊन? पह्यले वाटलं, दादा गेला, अन् कोडं दुसऱ्याच कोणं केलं. मंग वाटलं, नाही, लयच रागावला."

मी त्यांना पाणी दिलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. लहानपणी मळ्यात शेंगा सोलताना त्यांनी एक वाटाणा नाकात घातला. तो आत फुगला, श्वास कोंडला. दादानं खांद्यावर टाकून, अनवाणी पळत साखरखेर्ड्याच्या डॉक्टरपर्यंत नेलं. "कोड्यात वटाणा दिसला का मले समजे, दादा इसरला नाही."

अकरा वाजले आणि गुरुजी आले. दारातच थबकले. मी घाईघाईनं म्हटलं, "गुरुजी, चूक माझी आहे. मटार मी काढला." ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणत्या नाकपुडीत होता, सांगतलं काय इले?" त्यांनी भावाला विचारलं.

"उजव्या."

"डाव्या बे!"

"नाक माहं हाय, दादा!"

"अन् वटाणा निंगताना कोणं पाह्यला?"

अर्धा तास दोघं नाकपुडीवरून भांडले. मावशी चहा ठेवून गेली, तो गार झाला. विहिरीचं कोणी नावही काढलं नाही. ही समजूत झाली की नवं भांडण लागलं, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. भांडत भांडतच ते शेताकडे जायला एकत्र एसटी स्टँडवर गेले. त्या दिवशी कोडं गुरुजींच्या पिशवीतच राहिलं.

त्यानंतर कोड्यातला वाटाणा गेला. मी विचारलं, तर म्हणाले, "आता कायले? फोन करतो ना त्याले."

"म्हणजे इतकी वर्षं त्यांच्यासाठीच टाकत होता ना?"

"छे वं! मले वटाणा सोपा जाते." खरं काय ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले. कोडं आता मी रचते. उत्तरं व्हॉट्सॲपवर येतात, मंगळवारी अकराला दारात कोणी येत नाही आणि मला त्यांची फार आठवण येते. माझ्या पहिल्या कोड्यात आडवा नऊला मी लिहिलं, 'डाव्या नाकपुडीत अडकून फुगलेलं कडधान्य.' ही छपाईची चूक आहे का, असं विचारणारे कितीतरी मेसेज आले.

मग बीबीहून कार्ड आलं. अक्षर चांगलंच थरथरलेलं, पण उत्तरं सगळी बरोबर. आणि खाली, पहिल्यांदाच, उत्तरांपलीकडचं काहीतरी लिहिलेलं :

'नाकपुडी डावीच होती. दादानं बोलत राहावं म्हणून मी उजवी म्हणत होतो.'