पाहुण्यांच्या पोरांची उनाइसी

उनाइसीचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की केलेरा जळून बोलते. हो, जळूनच बोलते. एकाच बेटावर, एकाच रिसॉर्टात, एकाच कापडाचा फुलाफुलांचा झगा घालून आम्ही दोघी पाहुण्यांची पोरं सांभाळतो. मी गाणी म्हणते, खेकडे पकडून दाखवते, झावळीचा मासा विणून देते. ही बाई नुसती वाळूत फतकल मारून बसते. थोड्या वेळानं बघावं तर माझ्याकडचं पोर तिच्या मांडीवर.

उनाइसी माझ्या मामाची मुलगी. आत्या-मामाच्या पोरींनी एकमेकींना वाट्टेल ते बोलावं आणि ऐकणारीनं रागवायचं नाही, असा आमच्याकडे रिवाजच आहे. नसता तर आम्ही दोघींनी एकमेकींचा केव्हाच गळा धरला असता.

"जाडे, काय घालतेस गं त्यांना खाऊ?" मी विचारते.

"काही नाही. तुझ्यासारखी बडबड करत नाही, एवढंच," ती म्हणते.

बदामाच्या झाडाखाली तिची चटई असते. तिथे बसून ती पाहुण्यांच्या मुलींच्या बारीक बारीक वेण्या घालते आणि त्यांत रंगीत मणी ओवते. चुळबुळ्या पोरीही तिच्यापुढे गुमान बसतात. सुट्टी संपून परतीची होडी लागली, की हीच पोरं तिच्या गळ्याला मिठी मारून भोकाड पसरतात. तेव्हा त्यांच्या आईचा चेहरा बघावा! सिडनीहून, मेलबर्नहून बायका येतात, दिवसभर पुस्तक तोंडावर घेऊन आडव्या पडतात, आणि शेवटच्या दिवशी आपलंच लेकरू परक्या बाईला सोडत नाही म्हटल्यावर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. एकीनं तर मधल्याच दिवशी ऑफिसात जाऊन दुसरी नॅनी मागितली. "जिला मुलं फार जीव लावत नाहीत अशी कुणी आहे का?" असं विचारलं. ऑफिसवाल्यांनी एका दमात माझं नाव सांगितलं. माझ्या वाट्याला पोरं येतात ती अशी.

उनाइसीची स्वतःची मुलगी एकच, लवेनिया. नवरा लवकर गेला, तेव्हा पोर रांगत होती. गाव समोरच्याच बेटावर, स्वच्छ दिवशी इथून देवळाचं पत्र्याचं छप्पर दिसतं. पण नोकरी म्हणजे राहणं इथेच, मागच्या बाजूच्या खोल्यांत. सुटीच्या दिवशी होडी मिळाली तर घरी, नाहीतर नाही. लवेनियाला आजीनं वाढवलं. शाळेला सुट्टी लागली की ती भाजीच्या होडीतून इकडे यायची. पण कामगारांच्या पोरांनी पाहुण्यांच्या किनाऱ्यावर यायचं नाही असा नियम होता, तेव्हा ती लाँड्रीमागे चादरींच्या गठ्ठ्यावर बसून राहायची. शहाणी पोर. कधी रडली नाही. पुढे राजधानीत, सुव्यात, नर्सिंग शिकली, ब्रिस्बेनला गेली, तिथल्याच ग्रँट नावाच्या माणसाशी लग्न केलं आणि तिलाही मुलगी झाली. मुलीचं नाव ठेवलं एडिथ. ग्रँटच्या आईचं नाव. उनाइसीनं ते फोनवर ऐकलं आणि आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही.

"एडिथ. हे काय नाव आहे? तोंडात जिभेला बसायला जागा नाही," ती पुटपुटायची.

"तुझं तरी कुठे जिभेला सोपं आहे?" मी म्हटलं. तर मण्यांची डबी माझ्या अंगावर आली.

मग एक दिवस ऑफिसातली रोझलिन धावत आली. लवेनिया, ग्रँट आणि चिमुकली एडी असे तिघं सुट्टीला येत होते. आमच्या रिसॉर्टात. समुद्राकाठची झोपडी घेतली होती आणि नॅनी म्हणून नाव घालून उनाइसीलाच मागितलं होतं. रोझलिनला वाटलं, म्हातारी आता नाचेल. पण उनाइसीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाहुणी म्हणून येतेय? माझी मुलगी? आधी इथे?"

तिचा राग खोटा नव्हता. आमच्यात मुलीचं मूल पहिल्यांदा आजोळी येतं ते असं बॅगा ओढत नाही. होडी लागते तिथपासून घरापर्यंत चटया अंथरतात, त्यांवर झाडाच्या सालीचं चितारलेलं कापड घालतात आणि त्यावरून मुलाला नेतात. बापाकडची माणसं मानाचा म्हणून व्हेलचा दात पुढे ठेवतात, दोन शब्द बोलतात, म्हणजे मुलाचा चेहरा आजोळाला दाखवला असं होतं. उनाइसीचं घराणं त्यात फार कडक. चेहरा दाखवल्याशिवाय त्यांच्यात आजोळचं माणूस पोराला हातसुद्धा लावत नाही. मी आत्याची, म्हणजे दुसऱ्या घराण्यातली, म्हणून मला ती बंदी नव्हती.

"पोरीनं आधी स्विमिंग पूल बघायचा आणि मग आजोळ! आणि मी तिला पगारावर खेळवायची? केलेराला द्या," ती म्हणाली आणि पाठ फिरवून वेण्या घालायला बसली.

होडी आली त्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या ओळीत उभ्या राहून गात होतो. उनाइसीही होती. कानामागे चाफा, हातात हार. तिनं ग्रँटला हार घातला. लवेनियाला घातला. तिसरा, छोटा हार हातात घेऊन ती थांबली. पुढ्यात एवढीशी पोर, झालरीची टोपी, आईसारखेच दाट कुरळे केस आणि उनाइसीसारखं चपटं नाक. उनाइसीनं हार माझ्या हातात कोंबला.

"आई, घे ना तिला," लवेनिया म्हणाली.

"तुमची नॅनी ही, मॅडम. केलेरा," उनाइसी म्हणाली.

पोटच्या पोरीला मॅडम! लवेनियाचा चेहरा उतरला. ग्रँट बिचारा नाकाला पांढरं क्रीम फासून सगळ्यांकडे बघून हसत होता.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदाच एक पोर माझं झालं होतं आणि उनाइसी ते नुसतं बघत होती. एडी माझा हात सोडायची नाही. आम्ही ओहोटीच्या पाण्यात निळे तारामासे शोधायचो, नारळाच्या करवंटीत शंख भरायचो. उनाइसीला ऑकलंडचे दोन जुळे भाऊ दिले होते. ती त्यांना भरवायची, पण नजर आमच्याकडे. एकदा तर कलिंगडाची फोड पोराच्या तोंडाऐवजी कानात गेली.

जाता-येता टोमणे सुरू.

"टोपी कुठाय तिची? उन्हात करपवतेस का पोरीला?"

"तुला काय करायचंय? तुझी पाहुणी नाही ती."

"पपई अशी देतात? बारीक कर. घशात अडकेल."

"अगं, तीन वर्षांची आहे ती. दात आहेत तिला. तुझ्यापेक्षा जास्तच असतील."

"आणि तुझ्याकडे बघून हसते काय ती! काय आहे तुझ्यात एवढं हसण्यासारखं?" म्हणाली आणि तरातरा निघून गेली. पंचवीस वर्षं मी जे गिळत आले ते आता तिच्या घशात अडकलं होतं. मला बरं वाटलं. रात्री जेवताना आणखी एक मासा घेतला.

पण पोरांना सगळं कळतं. एडीनं मला विचारलं, "ती मोठी बाई माझ्याकडे सारखी का बघते?"

"तिलाच विचार," मी म्हटलं.

ती गेली. विचारलं काहीच नाही. ओंजळीतला सगळ्यात मोठा शंख उनाइसीपुढे धरला. उनाइसीचे दोन्ही हात आपोआप पुढे आले आणि अर्ध्या वाटेत थांबले. मग तिनं ते पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"माझ्या हाताला तेल लागलंय गं," ती म्हणाली.

हात कोरडे होते. एडी जरा वेळ उभी राहिली, मग शंख चटईच्या कडेला ठेवून परत आली आणि माझ्या झग्यात तोंड खुपसून बसली. माझा सगळा आनंद तिथेच संपला. आणि झोपडीच्या पायरीवरून लवेनियानं हे सगळं बघितलं होतं. ती वाळू तुडवत सरळ चटईपाशी आली.

"पोरीनं काय केलंय तुझं?"

"तिनं काही नाही केलं. तू केलंस. तुला रीत माहीत नाही? नर्स झालीस म्हणून विसरलीस? आधी गाव, मग बाकीचं जग."

"शनिवारी जातोय आम्ही गावात. मामानं, तुझ्याच भावानं, चटया विणून घेतल्यात. ग्रँटनं द्यायचा व्हेलचा दातही त्याच्याकडेच ठेवलाय. ग्रँट महिनाभर आरशापुढे उभा राहून आपल्या भाषेतलं भाषण पाठ करतोय. शेजारी हसतात त्याला. तुला आदल्या दिवशी सांगणार होतो."

भांडायचं सगळं सामान कुणी हातातून काढून घेतलं तशी उनाइसी झाली. पण हार मानेल तर ती उनाइसी कसली.

"मग सरळ तिकडेच जायचं. इथे कशाला आलात आधी?"

"कारण तू इथे असतेस," लवेनिया म्हणाली. "गावात तू कधी होतीस?"

मी एडीचे कान झाकल्यासारखं करून तिला जवळ ओढलं, आपले मात्र उघडे ठेवले.

"तिथे बसायचे मी," लवेनियानं लाँड्रीकडे बोट केलं. "तिथून ही चटई दिसते. रोज कुणीतरी सोनेरी केसांची पोर तुझ्या पुढ्यात, आणि तू तिच्या वेणीत मणी ओवतेयस. तिला गोष्ट सांगतेयस. मला वाटायचं, पळत जावं आणि तिची वेणी मुळापासून उपटावी. एवढा राग यायचा मला त्या पोरींचा. तू घरी आलीस आणि मी फणी घेऊन आले, की म्हणायचीस, बोटं दुखतात गं, आजीकडून घाल. मी घालायचे आजीकडून. आजीला मणी दिसायचे नाहीत. म्हटलं, माझ्या पोरीला तरी तू मिळावीस. पाहुणी होऊन आलं की तू मिळतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून पाहुणी होऊन आले."

उनाइसी आपल्या बोटांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. मी चाचपून रुमालही काढला. पण ती रडली नाही. तिनं चटईवरची वाळू तळहातानं झाडली. एकदा, आणि पुन्हा नीट, कोपऱ्यापर्यंत.

"बस," ती म्हणाली.

"काय?"

"खाली बस म्हणते ना. केस सोड."

तेवढ्यात एक पाहुणी आपल्या मुलीला घेऊन आली. त्यांनी सकाळीच वेण्यांसाठी सांगून ठेवलं होतं.

"आज नाही," उनाइसी म्हणाली. पंचवीस वर्षांत पाहुण्याला तिनं नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी काय करणार? उद्या या म्हटलं.

लवेनिया उंच, खांद्यानं रुंद बाई. हॉस्पिटलात चार माणसांना हुकूम सोडणारी. ती पाय दुमडून, अवघडून आईच्या पुढ्यात बसली. उनाइसीनं दोन्ही गुडघ्यांत तिला घट्ट धरलं, जशी ती चुळबुळ्या पोरींना धरते, आणि केसांत फणी घातली. आमचे केस फणीला सहज दाद देत नाहीत. लवेनियाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते फणीनंच आलं असं समजायला हरकत नव्हती.

"मणी कुठले घालू?" उनाइसीनं विचारलं.

"सगळे."

"सगळे कसे? निळे, लाल, सांग काय ते."

"सगळे म्हटलं ना."

उनाइसीनं डबी चटईवर उपडी केली. हळूहळू ती काहीतरी सांगायला लागली. बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण सूर ओळखीचा होता. पाहुण्यांच्या पोरींना ती ज्या सुरात गोष्ट सांगते, तोच.

एडीनं माझा हात कधी सोडला ते मला कळलंही नाही. माझ्या हातात तिची टोपी तेवढी राहिली. ती चटईशी जाऊन उभी राहिली आणि बघत राहिली. आईच्या केसांत एकेक मणी चढत होता. पोरीचा खालचा ओठ पुढे आला, भुवया जवळ आल्या. हा चेहरा मला चांगला माहीत आहे. आयुष्यभर मी आरशात बघत आलेय.

"मला पण," ती म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही. मग तिनं आईचा खांदा दोन्ही हातांनी धरला आणि तिला चटईवरून ढकलायला लागली. "ऊठ ना तू! मला! आधी मला!"

लवेनिया उठायला लागली. उनाइसीनं गुडघे आवळले आणि तिला परत खाली बसवलं.

"थांब गं बाय," ती नातीला म्हणाली. हातातला मणी ओवताना तिनं मान वर केली नाही. "आधी हिचा नंबर आहे. ही कधीची थांबलीय."