संगमेश्वरपर्यंत

"कंबर वर नको गो! घाट केलास तर गाडी चढायची नाय," व्यायामाच्या बाई माझ्या शेजारच्या चटईवरचीला म्हणाल्या आणि सगळी लेडीज बॅच हसून आडवी झाली.

सकाळच्या त्या वर्गात बाई आम्हाला प्लँक, म्हणजे कोपरांवर अंग सरळ तोलून धरणं, शिकवायच्या, तेही घड्याळाविना. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर, झोपेतसुद्धा थांबे पुकारायचे म्हणे. म्हणून बाईंचं मोजमाप पाच श्वासांना यजमानांच्या गाडीचा एक थांबा: कुवारबाव, हातखंबा, निवळी. कोपरं खांद्यांखाली, पोट आत, मान सरळ. मध्येच पाठीवर फूटपट्टी ठेवून बघायच्या. पट्टीखाली फट दिसली की गाडी परत स्टँडवर.

मराठी माझी भाषा नव्हे; चुकेल या भीतीने मी वर्षभर नुसती मान डोलावत होते. एकदा तरी सरळ पाठीने संगमेश्वर गाठायचं, एवढंच मनात होतं. रोज त्याच्या एक थांबा आधी, बावनदीलाच, पोट लोंबायचं.

त्या दिवशी बावनदी गेली तेव्हा बाकीच्या पालथ्या पडल्या होत्या. बाई पदर खोचून माझ्यासमोर स्वतःच प्लँकमध्ये उतरल्या.

"संगमेश्वर आला! उतरतंस ना गो?"

हसू फुटत होतं, तरी कंबर हलू दिली नाही. मी ओरडले, "नाही! पुढचं एक चिपळूण द्या!"