शेवटची ओळ रिकामी

त्या दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघं रोजच्यासारखे गॅलरीत बसलो. ती खुर्चीवर, मी खाली चटईवर. तिच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये तिचा शब्दांचा खेळ. पाच चौकोन असतात, पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा. सहा ओळी मिळतात. अक्षर बरोबर जागी पडलं की हिरवं होतं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर काळं. शब्द सापडला की खाली त्याचा अर्थ येतो. आमची सून शाळेत इंग्रजी शिकवते. सासूचा वेळ जावा म्हणून तिनेच हा नाद लावून दिला.

बायको सातवी पास. बालवाडीत मदतनीस होती, तिथे पोरांच्या तक्त्यांवरून इंग्रजी शिकली. पुढे साबणाच्या कागदावरून, बिस्किटाच्या पुड्यावरून, औषधाच्या बाटलीवरून शब्द गोळा करत गेली. मी चौथी. घाटकोपरला स्टेशनबाहेर गाड्यांच्या नंबर प्लेटी रंगवायचो, दुकानांचे बोर्ड रंगवायचो. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मी बघून उतरवायचो. इंग्रजीची सगळी अक्षरं मला डोळे मिटून काढता येतात. त्यांचा शब्द झाला की मला वाचता येत नाही. सरळ सांगतो, एकही नाही.

तरी खेळात मी तिच्या कामाचा होतो. बोर्डाची अक्षरं मी पत्र्याच्या साच्यातून मारायचो. ए, ई, एस, आर यांचे साचे वर्षाला झिजायचे, कडा फाटायच्या. क्यू आणि झेडचे शेवटपर्यंत करकरीत. म्हणून अडलं की ती विचारायची, "पेंटर, आता कुठलं टाकू?" मी म्हणायचो, आर टाकून बघ. बऱ्याचदा लागायचं. अक्षर माझं, शब्द तिचा. मग ती अर्थ सांगायची आणि दिवसभर मला तो शब्द म्हणायला लावायची. संध्याकाळपर्यंत मी विसरायचो.

रोज न चुकता ओळखलं तर वरच्या कोपऱ्यात एक ज्योत पेटलेली राहते. एक दिवस चुकला की विझते. सून घरात आली त्या वर्षापासून तिची ज्योत विझली नव्हती. डेंग्यूत पडली होती तेव्हाही एका कुशीवर होऊन खेळली. विहारातल्या बायका वंदनेला आल्या की आधी हेच विचारायच्या, काय गं, जळतेय ना तुझी? ही मान ताठ करून सांगायची, जळतेय, तुमची सगळ्यांची जळेल इतकी.

त्या दिवशी शब्द अवघड होता. पाच ओळी संपल्या, एकच उरली. मधे ए हिरवा, शेवटी ई हिरवी, टी पिवळी लोंबकळत राहिलेली. मला डुलकी येत होती. मी म्हटलं, टाक काहीतरी आणि संपव.

"काहीतरी टाकायला ही काय नंबर प्लेट आहे?" ती म्हणाली. "राहू दे. नवा शब्द उद्या सकाळी नऊला येतो, तोवर हाच आहे. चहा घेतल्यावर सुचेल."

चहाचं आधण तिने ठेवलं आणि ओट्याला टेकून खाली बसली ती बसलीच. रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी हात लावला आणि संपलंय म्हणून सांगितलं. मुलाला फोन लावायला मी तिचाच मोबाईल उचलला होता, तो माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिला. मुलगी नागपूरला दिली आहे, ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. बर्फाची पेटी आली. संध्याकाळभर माणसं येत राहिली.

आता जे सांगायचं ते सांगतो. माझी बायको समोर निजली होती आणि माझ्या डोक्यात ती ओळ होती. रडू येत नव्हतं. सकाळी नऊच्या आत तो शब्द भरला पाहिजे, नाहीतर ज्योत विझेल आणि ती माझ्या हातून विझेल, एवढंच फिरत होतं. मोरीत जाऊन मी मोबाईल उघडला. शब्दासारखं दिसेल असं काही जुळवून दाबलं. तो खेळ खोटा शब्द घेत नाही, नुसता थरथरतो. तीनदा थरथरला. मी बंद केला आणि तोंडावर पाणी मारून बाहेर आलो. लोकांना वाटलं रडून आलो. एकाने पाठीवरून हात फिरवला, मी फिरवू दिला.

सकाळ झाली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दारापासून जिन्यापर्यंत बसली होती. मुलगी येऊन पोचली, रडारड झाली, मग बौद्धाचार्यांनी मेणबत्त्या लावून वंदना सुरू केली. सगळे हात जोडून म्हणत होते. तेवढ्यात माझ्या खिशात मोबाईल वाजला. खेळाचाच आवाज, चिमणी बोलल्यासारखा. आजचा शब्द राहिलाय, म्हणून आठवण. वंदना थांबली नाही, पण माना वळल्या. मुलगा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाबा, बंद करा ना तो."

भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच मिनिटं कमी होती.

सून माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, सासूच्या पायांशी. तिला दाखवलं असतं तर तिने बघताक्षणी सांगितलं असतं. आजवर तिला मी कळू दिलं नव्हतं की मला इंग्रजी वाचता येत नाही. एवढे इंग्रजी बोर्ड रंगवलेला माणूस, तिला वाटायचं सासऱ्यांना येतं. तिने कधी इंग्रजी कागद पुढे केला की मी म्हणायचो चष्मा सापडत नाही, आणि बायको तो कागद माझ्या हातून काढून घ्यायची, म्हणायची, त्यांना काय विचारतेस, मी बघते. आमच्या लोकांत शिक्षण नसणं ही साधी गोष्ट नाही. विहाराच्या भिंतीवरचा शिकण्याचा उपदेश मी स्वतःच्या हाताने रंगवलाय. त्याच विहारातली माणसं आता माझ्या घरात बसली होती.

मी गुडघ्यावर सरकत सुनेजवळ गेलो. बंद करायला खिशातून काढलेला मोबाईल हातातच होता, तळव्याने झाकलेला. वंदना संपत आली होती, आवाज खाली आला होता, मी काय बोलेन ते पुढे बसलेल्या दोन रांगांना तरी ऐकू गेलं असतं. लोक म्हणाले असते, बाई मेली आणि हा गेम खेळतोय. आणि वर वाचताही येत नाही.

सुनेने वर बघितलं. डोळे सुजलेले. "काय हवंय, बाबा?"

मी आयुष्यभर कुणाला भ्यायलो नाही. पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दुकानासमोर उभं राहून शिव्या दिल्यात. सुनेसमोर भ्यालो. खालच्या बाजूला बायकोचे पाय होते, चादरीखाली, तिकडे मी बघितलं नाही.

"पाणी," मी म्हणालो.

ती लगेच उठली. एवढ्या माणसांतून वाट काढत आत गेली, पेला भरून घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि तो धरता यावा म्हणून दुसऱ्या हातातला मोबाईल तिने स्वतः काढून घेऊन बाजूला ठेवला, पालथा. मला तहान नव्हती. सगळे बघत होते म्हणून मी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

मोबाईल पुन्हा वाजला. नवा शब्द आला होता. मी रिकामा पेला सुनेच्या हातात दिला, हात जोडले आणि सगळ्यांबरोबर उरलेली वंदना म्हटली.