कोमट राखलेलं दूध

बाजाराच्या कोपऱ्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे थर्मासतात्या म्हणत. खरं नाव त्याची बायको घ्यायची. ती गेली आणि नावही तिच्याबरोबरच गेलं.

सकाळी एकदाच मोठं पातेलं चढवायचं, चहा थर्मासांत भरायचा आणि आसपासच्या कचेऱ्यांत पोचवायचा, ही त्याची रीत. दुपार कलली तरी त्याच्या चहानं जीभ भाजायची. कचेरीतला एक कारकून म्हणायचा, "तात्या, आमचं लग्न तुमच्या थर्मासात ठेवलं असतं, तर आजही ऊन राहिलं असतं."

"तुमचं बूच सैल आहे साहेब, माझा थर्मास काय करील?" तात्या म्हणायचा.

दुसरी रीत म्हणजे उरलेलं दूध टाकायचं नाही. दूध नासू द्यावं तो चहावाला कसला!

अशा माणसाच्या पदरात तान्ही नात पडली. सून बाळंतपणात गेली. मुलगा ट्रकवर, आज इथं तर उद्या कुठं, त्यालाच ठाऊक नसे. सुनेची थोरली बहीण पोरीला न्यायला आली होती. तिला तिची दोन होती, शिवणकाम होतं, तरी पदर खोचून उभी राहिली. पण तात्या अडून बसला.

"ही माझ्या घराची आहे. मी सांभाळीन."

"तात्या, तुम्हाला झेपेल का?" मुलानं विचारलं.

"तुला कुणी वाढवलं? तुझी आई अंथरुणावर होती तेव्हा?"

मुलानं पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण पोरीला काही झालं, तर ती मावशीकडं जाईल. मग तुमचं ऐकणार नाही."

तात्यानं मान हलवली. बहीण जाताना दुधाच्या पावडरीचा डबा ठेवून गेली. "डब्यावर लिहिलंय तसं करा," एवढंच म्हणाली. डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि तात्याचा चष्मा बायकोच्याही आधीचा.

पण दूध करायला शिकवावं लागतं होय? जन्म दुधात गेलेला. सकाळी चहाआधी तो पाणी उकळायचा, पावडर घालायचा, ढवळायचा, मनगटावर थेंब टाकून बघायचा. कोमट झालं की एक थर्मास खास तिच्यासाठी. नवा कोरा, कधी चहा न लागलेला. पोर टपरीत फळीमागं टोपलीत निजायची. रडली की बाटली भरायची, द्यायची. बाटलीत उरलं तर परत थर्मासात ओतायचं. बाटली बादलीत बुचकळायची आणि उलटी ठेवायची, गिऱ्हाइकांच्या ग्लासांशेजारी.

गिऱ्हाइकं बघायची. "तात्या, मोठी होऊन चहाच मागणार ही."

"मागू दे. उधारी तर करणार नाही तुमच्यासारखी."

पोरीनं बाळसं धरलं. गालाला खळी पडायला लागली, सुनेसारखी. तात्या ती खळी बोटानं हलकेच दाबायचा आणि कुणी बघत नाही ना, हे बघायचा.

मग उन्हाळा तापला. एका सकाळी पोर ओकली. तात्यानं पाठ थोपटली, जास्त प्यायली असेल म्हणाला. दुपारी जुलाब सुरू झाले. तात्या दुपटी बदलत राहिला आणि ताकद यावी म्हणून त्याच थर्मासातलं दूध पाजत राहिला. दिवेलागणीला ती रडायची थांबली. आधी त्याला बरं वाटलं. मग हात डोक्यावरून फिरला आणि टाळू खोल गेलेली लागली. स्टोव्ह पेटता टाकून तो दवाखान्याकडं पळाला. मागं कुणी विझवला, ते त्याला कधी कळलं नाही.

पोरीच्या हाताला सुई लावली, बाटलीतून थेंब थेंब पाणी चढू लागलं. मग तिथली सिस्टर त्याच्यासमोर बसली. तात्याला मुलगी शोभेल अशा वयाची.

"आजोबा, दूध कसं करता?"

तात्यानं सगळं सांगितलं. नवा थर्मास, कोमट दूध, काही वाया न घालवणं. सांगताना आवाजात थोडा ताठाही होता.

सिस्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आजोबा, कोमट दुधात जंतू फार लवकर वाढतात. तुम्ही दिवसभर त्यांना ऊब दिलीत. थर्मासात ठेवायचंच तर नुसतं उकळलेलं पाणी ठेवा, चांगलं कडकडीत. पावडर कोरडी, वेगळी. बाळाला भूक लागली की त्या गरम पाण्यात पावडर घालायची, सपाट चमचा, दाबून नाही. बाटली गार पाण्यात धरून निववायची आणि लगेच पाजायची. उरलं की ओतून द्यायचं. बाटली ब्रशनं घासायची आणि उकळायची."

"ओतून द्यायचं?"

"थेंबभर उरलं तरी."

पोर वाचली. तिकडून मुलगा आला, इकडून मावशी. मावशी तोंडाळ, पण त्या दिवशी एकच बोलली, "तात्या, ती पोर आहे, गिऱ्हाईक नाही." मुलगा खाली बघत म्हणाला, "आपलं ठरलं होतं." तात्यानं त्याचे हात धरले. आयुष्यात पहिल्यांदा. "एकदा करून दाखवू दे." मुलाला बापाचे हात सोडवता आले नाहीत.

तात्यानं टपरी बंद ठेवली. घरात बसून सिस्टरनं सांगितलं तसं, अक्षर न चुकता तो करू लागला. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाटली तयार झाली की त्याला वाटायचं, पाणी जरा निवलं होतं का? ओतून द्यायचा. पुन्हा करायचा. चमचा सपाट होता का? पुन्हा ओतायचा. बुचाला बोट लागलं. पुन्हा. इकडं पोर भुकेनं लालबुंद.

मावशी एका सकाळी बघायला आली, तर रडं जिन्यातच ऐकू आलं. आत मोरी दुधानं पांढरी झालेली, पोर हातपाय झाडतेय आणि तात्या बाटली उजेडात धरून उभा.

"अहो, द्या ना तिला!"

"हे बरोबर झालंय का बघ गं," तात्या म्हणाला. "मला कळत नाहीये."

तिनं बाटली घेतली, मनगटावर थेंब टाकला, पोरीच्या तोंडात दिली. घर एकदम शांत झालं. तात्या भिंतीला टेकून खाली बसला.

"घेऊन जा तिला," तो म्हणाला.

"मी काही म्हटलं का?"

"नाही म्हटलंस. मीच म्हणतोय. माझ्या हाताला भीती बसलीय. भ्यालेल्या हातानं पोर वाढत नाही."

मावशीनं नाकाला पदर लावला.

पोचवायला तात्या स्वतः गेला. मावशीचं घर दुसऱ्या मजल्यावर, शिवणयंत्राच्या खडखडाटाचं. त्यानं तिच्या चुलीपाशी उभं राहून सगळं करून दाखवलं. तिला बरंचसं येत होतं, तरी तिनं येत नसल्यासारखं बघितलं. मग तिनं पोरीला मांडीवर घेतलं. पोरीनं बाटली तोंडात धरली आणि एकदाही तात्याकडं बघितलं नाही. भुकेलं पोर दुसरं काय करणार?

"पितेय," तात्या म्हणाला आणि उठला.

"संपेपर्यंत बसा की. चहा टाकते."

"नको. चहा मी पीत नाही."

जिना अर्धा उतरला तेव्हा वर पाठ थोपटल्याचा आवाज आला. थाप जरा जोरात पडत होती. हिला हलकी लागते, हे सांगायला तात्या वळला. कठड्याला धरून थोडा उभा राहिला. वरून ढेकर ऐकू आली, मागोमाग मावशीचं हसू. मग तो उरलेल्या पायऱ्या उतरला.