नव्या पानावर नजर ठेवणारे भोईरदादा

भोईरदादांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या एका चुकीमुळे. भिवंडीच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या मत्स्यपेटीत मासे मोजके आणि पाणवनस्पतीच भरपूर होत्या. त्यांची पाने पिवळी पडू लागली होती. "उजेड कमी पडतो आहे," असे मी नववीच्या वर्गाला ठासून सांगितले. प्रयोगशाळा परिचर श्री. काशिनाथ भोईर कोपऱ्यात परीक्षानळ्या पुसत होते. वर्ग रिकामा झाल्यावर ते जवळ आले.

"बाई, राग मानू नका. उजेड कमी असता तं खालची, जुनी पानं आधी गेली असती. हितं शेंड्याची नवीन पानं पिवळी हायत, आन् शिरा हिरव्याच हायत. ह्यांना लोह कमी पडतंय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझे विधान दुरुस्त केले आणि ते कोणी शिकवले हेही सांगितले. मुलांसमोर त्यांनी मला उघडे पाडले नाही, याचे मोल नव्या शिक्षिकेलाच कळते.

दादा खारबावच्या शेतकरी कुटुंबातले. मॅट्रिक पुरे झाले नाही. लहानपणी वडिलांबरोबर भाताची रोपे न्याहाळताना पान वाचायची सवय लागली आणि शाळेत आल्यावर ती पेटीतल्या वनस्पतींकडे वळली. त्यांच्या प्रदीर्घ सेवेविषयी या गौरवग्रंथात इतर सहकारी लिहितीलच. मला जुबेदाबींच्या हौदाची हकीकत सांगायची आहे.

भिवंडीतल्याच जुबेदाबींच्या यजमानांचा हात कापडाच्या लूममध्ये सापडला आणि त्यांची ड्युटी कायमची सुटली. घर चालवण्यासाठी जुबेदाबींनी घरामागे सिमेंटचा हौद बांधून घेतला आणि त्यात मत्स्यपेट्यांसाठी लागणाऱ्या वनस्पती वाढवायला सुरुवात केली. मुंबईचे एक दुकानदार त्या विकत घेत. पण पाने पिवळी पडू लागली, तसे दुकानदारांनी कळवले, की पुढचा मालही असाच असेल तर पाठवूच नका. शाळेच्या पेटीतली अशीच पिवळी रोपे भोईरदादांनी सुधारल्याचे कोणीतरी सांगितले, म्हणून जुबेदाबी ओल्या फडक्यात एक रोप गुंडाळून थेट प्रयोगशाळेत आल्या.

रविवारी दादा आणि मी त्यांच्याकडे गेलो. शिरा हिरव्या, बाकीचे पान फिकट, आणि तेही शेंड्याकडचेच. मी लगेच म्हणाले, "लोहच कमी आहे. हिराकस घाला." रंगाच्या दुकानात मिळणारे हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार.

जुबेदाबी म्हणाल्या, "लोहा तो है, बाई. किसीने बोला तो मैंने मुट्ठीभर कीलें डाल दीं."

तळाशी गंजलेले खिळे दिसत होते. दादांनी हौदाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवले. बोटाला पांढरी पूड लागली.

"हौद कब बांधा?"

"ईद के बाद. नया ही है."

दादा माझ्याकडे वळले. "बाई, नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतोय. अशा पाण्यात लोह गंजून तळाला बसतं. हाय, पण झाडाला भेटत न्हाय. मला असं वाटतं. खातरी न्हाय."

"साहब, जो दवा है, अभी डाल दो," जुबेदाबी काकुळतीला आल्या. "टाइम नहीं है."

"गलत दवा गई तो पूरा हौद जाएगा. मुझे दस दिन दो."

त्यांनी ओट्यावर चार बरण्या मांडल्या. चारींत हौदाचेच पाणी आणि एकसारखी रोपे. पहिलीत काहीच घातले नाही. दुसरीत नुसते हिराकस. तिसरीत मँगनीजचा क्षार आणि सरबतात घालतात ते लिंबाचे सत्त्व. चौथीत हिराकस आणि लिंबाचे सत्त्व. लोह या सत्त्वाला धरून पाण्यात विरघळलेले राहील, असा त्यांचा अंदाज होता. शाळा सुटली की ते रोज तिकडे चालत जात. दुसऱ्या बरणीचे पाणी दोन दिवसांत तांबूस गढूळ झाले. माझा उपाय हौदात गेला असता, तर काय झाले असते ते मी तिथे उभी राहून पाहिले.

जुबेदाबी रोज जुनी पाने निरखायच्या आणि हिरमुसायच्या. दादा म्हणायचे, "वो पत्ता छोड़ो. जो अभी निकला नहीं, उसको देखो."

नवव्या दिवशी चौथ्या बरणीत शेंड्यातून एक पान उलगडले. देठापासून टोकापर्यंत हिरवे. बाकीच्या तिन्ही बरण्यांतली नवी पाने फिकटच होती. जुबेदाबींनी यजमानांना हाक मारली, मग शेजारणींना. बघता बघता ओटा माणसांनी भरून गेला.

हौदाचे अर्धे पाणी बदलून, थोडे थोडे करून तेच औषध दिले. महिन्याभरात हौद हिरवागार झाला आणि मुंबईहून निरोप आला, की असा माल असेल तेवढा पाठवा. त्या वर्षी जुबेदाबींनी दुसरा हौद बांधला. या खेपेस तो वापरण्याआधी अनेकदा पाणी भरून, उपसून चुना धुऊन काढला.

ठाण्याच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग मांडायचे ठरले, तेव्हा फलकावर माझे नाव घालण्याचा विचार चालला होता. मी हेडसरांना स्पष्ट सांगितले, की नाव भोईरांचेच लागेल, नाहीतर प्रयोग जाणार नाही. नाव लागले. परीक्षक होते कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी विचारले, "मँगनीज कमी असले तरी नवी पाने अशीच दिसतात. मग हे लोहच, कशावरून?"

दादांनी तिसरी बरणी पुढे सरकवली. "तीच शंका मला होती, सर. म्हणून ही ठेवली. ह्यात मँगनीज हाय, सत्त्वपन हाय. पानं सुधारली न्हाय."

"आपले शिक्षण?"

"नॉनमॅट्रिक."

प्राध्यापक खुर्चीतून उठले आणि त्यांनी दादांचा हात दोन्ही हातांत घेतला. आमच्या शाळेला पहिला क्रमांक मिळाला. परतीच्या एसटीत मुले भिवंडी येईपर्यंत गात होती आणि दादा खिडकीशी बसून ओल्या डोळ्यांनी हसत होते. त्यांना असे हसताना मी प्रथमच पाहिले.

यंदा दादांनी साठी गाठली आणि ते सेवेतून मोकळे झाले. पिशवीत पिवळी रोपे घेऊन लोक आता खारबावला जातात. दादा प्रत्येकाला ओटीवर बसवतात, चहा देतात, मगच पिशवी उघडतात. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, नजर अशीच तल्लख राहो. अजून पुष्कळ वर्षे खारबावच्या थांब्यावर उतरून कोणीही चौकशी केली, तर त्याला हेच उत्तर मिळत राहो: "भोईरदादा ना? घरीच हायत, जावा."