डाव्या हाताची टोपली

आणीबाणी उठली त्या वर्षी वर्ध्याच्या टोपल्या विणण्याच्या वर्गात व्यवस्थापकांनी आम्हा शिकणाऱ्यांना फसवलं. आमच्या वाकड्यातिकड्या टोपल्या बाजूला काढल्या, प्रदर्शनात कारागिराच्या टोपल्या मांडल्या आणि त्यांवर आमच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

मी बाजारात घासाघीस करून वर आलेला माणूस, सगळ्यांआधी ओरडलो. माझ्या शेजारी बसून शिकणारी आंजी गावची बाई मात्र ओरडली नाही. ती डावखुरी होती. बांबूची पट्टी दातात धरून उलट्या दिशेने विणायची. "सासू म्हन्ते, डावा हात अशुभ. तिले याच हाताची टोपली दाखवीन," असं मला म्हणाली होती.

तिच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या टोपलीच्या विणीवरून तिने बोट फिरवलं.

"हे उजव्या हाताची हाय, भाऊ. माही कुठी हाय?"

"पाहुण्यांपुढे चांगलंच ठेवावं लागते, बाई," व्यवस्थापक हसले.

"मंग तुमच्या नावानं ठेवा." तिने चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली आणि टेबलापुढेच मांडी घालून बसली. पाहुणे आले, तरी उठली नाही.

तिची टोपली सापडलीच नाही. ती कुठे टाकली, हे त्या व्यवस्थापकांनी आंजीला जाऊन तिच्या सासूसमोर सांगावं.