दसऱ्याला फुटलेली जाळी

नारळ कसा फोडावा हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे त्या दसऱ्याला नारळ तर फुटलाच, वर गाडीची पुढची जाळीही फुटली.

मिरजगावात तेव्हा चारचाकी गाड्या मोजक्याच. आमची गाडी जुनी, विलायती बनावटीची, काळी, गोल छपराची. सासऱ्यांनी ती पुण्याच्या एका डॉक्टरांकडून हौसेनं घेतली होती. आमचं भुसार मालाचं दुकान होतं आणि दुकानाला गाडीचा काडीचा उपयोग नव्हता. पण सासरे म्हणायचे, मिशीचा तरी माणसाला काय उपयोग असतो? दसऱ्याला ती गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून दारात उभी राहायची. मग चाकापुढे दगड ठेवायचा आणि त्यावर नारळ फोडायचा. बाकीचं गाव खाली वाकून, बेतानं नारळ आपटायचं. आमचे सासरे उभ्यानं, हात डोक्याच्या वर नेऊन मारायचे. इतकी वर्षं ते निभावलं होतं. त्या वर्षी, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, नारळ दगडाच्या धारेवर बसला. एक भकल माझ्या पायाशी येऊन पडलं आणि दुसरं उडून खाडकन जाळीवर गेलं. वरून चकाकणारी ती जाळी आतून कधीच गंजून गेली होती. मधल्या पट्ट्या तुटून आत वाकल्या.

जाळीचं एक वेळ चाललं असतं. पण दुसरं भकल कुठं सापडेना. गाडीखाली बघितलं, गटारात बघितलं, शेजाऱ्यांच्या ओट्यापर्यंत बघून आलो. तेवढ्यात आमचा कुत्रा कोपऱ्यावरून वळताना कुणाला तरी दिसला आणि त्याच्यावर आळ आला. देवाच्या नावानं फोडलेला नारळ कुत्र्यानं पळवला म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा पडला. त्यात सासऱ्यांनी गाडी छपराखाली घेताना हॉर्न वाजवला, तर तोही घसा बसल्यागत घोगरा वाजला. गाडीचा आवाजही गेला, असं सासूबाई म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

ही गाडी त्या दिवशी नुसती पुजायची म्हणून पुजली नव्हती. माझी नणंद मॅट्रिक झाली होती आणि नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. कोजागिरीच्या आत तिथं हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार, असं तिला बजावून सांगितलं होतं. तिला या गाडीतून पोचवायचं ठरलं होतं. सासरे राजी होते, माझा नवरा राजी होता. सासूबाई मात्र हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. नणंदेनं ट्रंक भरली तेव्हा त्यांनी मुकाट्यानं तिच्यात लोणच्याची बरणी ठेवली होती, एवढंच.

त्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर त्या या विषयावर पहिल्यांदा बोलल्या.

“देवानंच आडवलंय. गाडीचं तोंड पयल्यासारखं झाल्याबिगर पोरगी उंबरा वलांडनार न्हाई.”

नवरा म्हणाला, एसटीनं जाऊ की. त्यावर त्या म्हणाल्या, प्रश्न चाकांचा नाही. ते खरंच होतं. नगरच्या मेकॅनिकला सांगितलं असतं तर त्यानं दिवाळीनंतरचा वायदा केला असता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनाही ठाऊक होतं. नाही हा शब्द न उच्चारता त्यांनी नाही म्हटलं होतं. सासरे ज्या हातानं नारळ मारला त्या हाताकडे बघत बसले. नणंद उठून चुलीपाशी गेली आणि पेटलेलीच चूल फुंकत बसली. तिचं ते फुंकणं मला बघवेना. मी म्हटलं, जाळी मी बसवते.

हे मी उगाच म्हटलं नाही. माझं माहेर राहात्याचं. तिकडे उसाचा मुलूख, जागोजागी विहिरींवर इंजिनं, आणि त्या इंजिनांची दुरुस्ती करायचं माझ्या वडिलांचं दुकान. आम्हा बहिणींना भातुकलीऐवजी नट-बोल्ट मिळाले होते. लग्नात वडिलांनी मला पान्यांची एक पिशवी दिली, तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला होता. सासरी आल्यावर सासूबाईंनी ती पिशवी उलगडून बघितली, परत बांधली आणि माळ्यावरच्या पेटीत टाकली. दर खंडेनवमीला मात्र ती न चुकता खाली यायची. विळे, खुरपी, दुकानाचा तराजू आणि माझे पाने एका ओळीत मांडले जायचे, हळद-कुंकू व्हायचं आणि पूजा उचलली की पाने पुन्हा पेटीत. हे पाने वापरायचेही असतात, असं मी म्हणत नसे, कारण वापरायला घरात काही मोडतच नव्हतं. आता मोडलं होतं. पण पूजेतली हत्यारं दसरा उलटेपर्यंत हलवायची नसतात, म्हणून त्या रात्री मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं नवऱ्याला राहात्याला पिटाळलं. वडिलांच्या दुकानामागे तसल्याच एका गाडीचा सांगाडा कैक वर्षं उभा होता, आणि त्याला तोंड सोडून काहीही धड उरलेलं नव्हतं. नवरा तिसऱ्या दिवशी जाळी गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. वडिलांनी निरोप दिला होता, तो त्यानं मला चौथ्या दिवशी सकाळी, मी पाना हातात घेतल्यावर सांगितला: बोल्टना आदल्या रात्रीच रॉकेल पाजून ठेव. माझा नवरा फार सज्जन माणूस. निरोप पोचवतोच, फक्त वेळेचं बंधन पाळत नाही.

तो आठवडे बाजाराचा दिवस होता, त्यामुळे दोघं बापलेक दुकानात अडकलेले. नणंदेला सासूबाईंनी जाळीला हात लावायला मनाई केली होती. जिच्या जाण्याचा शकुन, तिनं त्यात हात घालायचा नाही म्हणून. सासूबाई स्वतः ओट्यावर बाजरी निवडत बसल्या, आणि मी पदर खोचून, बॉनेट वर करून कामाला लागले. पान्यांवर अजून हळद-कुंकू होतं. ते मी पुसलं नाही.

वरचे स्क्रू लोण्यातून निघावेत तसे निघाले आणि मला चेव आला. तासाभरात उरकते म्हणून मी ओट्याकडे बघून मोठ्यानं सांगितलं. मग गोणपाट अंथरून बंपरखाली शिरले, तर खालचे बोल्ट आपल्या जागी गंजून बसलेले. रॉकेल घातलं, ठोकलं, पुन्हा घातलं. बाजाराला निघालेली माणसं थांबून सल्ले देऊ लागली. एकजण म्हणाला, बाईच्या जातीचं काम न्हवं, गडी बोलवा. मी खालूनच विचारलं, गडी कुठं आहे, मघापासून तर नुसते सल्लेच ऐकू येतायत. तो गेला. पण त्याच्यापाठोपाठ एका बोल्टचं डोकंही तुटून माझ्या हातात आलं. माझी फजिती झाली असती तर मी ती हसून नेली असती. पण आत एक पोरगी भरलेल्या ट्रंकेवर बसून माझ्या पान्याचा आवाज ऐकत होती, आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या गंजक्या बोल्टांत अडकलं होतं.

शेवटी उरलेले बोल्ट सैल झाले. पण जाळी सुटताना पुढून कोणीतरी धरायला हवी होती, नाहीतर ती हेडलाइटच्या तारा घेऊनच खाली आली असती. मी बंपरखालून मान बाहेर काढली आणि सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, जरा धरता का?

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग उठून आल्या, पदर कमरेला घेतला आणि दोन्ही हातांनी जाळी धरली. मी मागचे नट काढले. जाळी त्यांच्या हातात आली, आणि त्या तिथंच थबकल्या.

आत, हॉर्न आणि रेडिएटरच्या मधल्या सांदीत, नारळाचं दुसरं भकल बसलं होतं. करवंटीवर धूळ आणि कुंकवाचा डाग, आत पांढरं खोबरं. कडा थोड्या वाळल्या होत्या आणि मुंग्या लागल्या होत्या. वाकलेल्या पट्ट्यांआडून ते बाहेरून दिसत नव्हतं, आणि देवाचा नारळ गाडीच्या पोटात असेल असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणही नव्हतं. हॉर्न घोगरा का वाजत होता, तेही कळलं.

सासूबाईंनी जाळी भिंतीला टेकवून ठेवली. भकल काढलं, मुंग्या झटकल्या, वास घेतला.

“कुत्र्याला उगंच शिव्या घातल्या,” त्या म्हणाल्या.

एवढं बोलून त्या ते आत देवापुढे ठेवून आल्या. आता शकुन फिरला म्हणतील, पोरीला हाक मारतील, असं मला वाटलं. पण त्या नवी जाळी उचलून गाडीपुढे उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, लाव.

नवी जाळी जुनीची सख्खी बहीण असावी तशी होती. दिसायला तीच, पण एका बाजूचं भोक बोटाच्या पेराएवढं सरकलेलं. मी कानस घेऊन ते भोक लांबट करत बसले. थोडं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. दर वेळी सासूबाई जाळी वर धरत. त्यांचे हात भरून आले तरी खाली ठेवू म्हणाल्या नाहीत. मी समोर बॉनेटखाली वाकलेली, आमच्या दोघींच्या मध्ये ती जाळी. तिच्या फटींतून त्यांचं तोंड तुकड्या-तुकड्यानं दिसत होतं. तशातच, माझ्याकडे न बघता त्या बोलल्या.

“नारळाचं निमित्त हुतं, पोरी. ती गेल्यावर मी बोलायचं कुनासंगं?”

मी म्हटलं, मी आहे की.

“तू हायेस. पन तू सांगतीस. ती ऐकती.”

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर सुचतं, ही माझी ख्याती. त्या चिडून बोलल्या असत्या तर मी भांडले असते, पण त्या नुसतं आहे ते सांगत होत्या. मी कानस ठेवली, बोल्ट घातला, तो बसला. तुटलेल्या बोल्टच्या जागी माझ्या पिशवीतला एक नवा घातला आणि सगळे नट आवळले. मग त्यांना म्हटलं, सोडा हात. त्यांनी हळूहळू हात सोडले. जाळी जागची हलली नाही.

मी हॉर्न दाबला. लख्ख वाजला. तो ऐकून नणंद धावत बाहेर आली आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. आईनं घातलेली अट ती आईच मोडेपर्यंत पाळणार होती. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं.

संध्याकाळी बाजार उलगडल्यावर सासरे आले. गाडीभोवती एक फेरी मारली, जाळीवरून हात फिरवला आणि पहिल्यापेक्षा बरी आहे म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. पुढच्या वर्षापासून नारळ नवरा फोडेल, हेही त्यांनी त्याच दमात जाहीर केलं, जणू त्याचा कशाशी काही संबंधच नव्हता.

सकाळी ट्रंक मागे चढली. सासूबाईंनी देवापुढच्या त्या भकलातलं खोबरं काढून त्याचे तुकडे केले होते. पहिला तुकडा त्यांनी कुत्र्याला घातला. त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यानं खाल्ला आणि आणखी मागितला. दुसरा लेकीच्या हातावर ठेवला. लेक पाया पडली आणि उंबरा ओलांडून बाहेर आली. ती आणि मी मागे बसलो. सासरे दुकानासाठी मागे थांबले होते; नवऱ्यानं गाडी सुरू केली. तेवढ्यात सासूबाई पायरी उतरल्या, पुढचं दार उघडलं आणि आत येऊन बसल्या. त्या जागेवर त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या, ती सासऱ्यांची. नवरा बघतच राहिला. त्यांनी मांडीवर पदर सारखा केला.

“मी बी येती. गाडीचं तोंड मी धरलंय. रस्त्यात पडलं तर धरायला कोन हाय?”

जाळी पडणार नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. बोल्ट मी आवळले होते. नणंद हसता हसता रडायला लागली, आणि तशीच आम्ही नगरची वाट धरली.

तिला पोचवलं. सासूबाईंनी तिच्या खोलीतली खाट हलवून बघितली, खिडकीची कडी लावून बघितली, आणि डोळे कोरडे ठेवूनच फाटकाबाहेर आल्या. परत निघताना त्यांनी पुढचं दार उघडलं नाही. मागे माझ्या शेजारी येऊन बसल्या. नगरची वेस मागे पडली. मग त्या बोलायला लागल्या. लेक लहानपणी विंचवाला कशी भ्यायची नाही इथपासून सुरू झाल्या आणि मिरजगाव येईपर्यंत थांबल्या नाहीत. मध्ये कितीदा तरी माझ्या तोंडाशी काहीतरी आलं. ते मी गिळलं आणि ऐकत राहिले.